वाचकांचे प्रश्न : समुद्राकाठचे योतेबोरी

कोपनहेगनहून ऑस्लोला जाणारा रेल्वेमार्ग आणि महामार्ग दोन्ही योतेबोरीतून जातात. तरीही बहुतेक सहलींत हे शहर गाडी बदलण्यापुरतेच येते. इंग्रजी नकाशांवर त्याचे नाव गॉथेनबर्ग असते, पण स्वीडनमधल्या स्थानकांवर आणि तिकिटांवर योतेबोरी हेच दिसेल. राजा गुस्ताव दुसरा अडोल्फ याने १६२१ मध्ये वसवलेले हे स्वीडनचे दुसऱ्या क्रमांकाचे शहर. त्याबद्दल आलेल्या पत्रांना या अंकात एकत्र उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमची कोपनहेगन आणि ऑस्लो अशी दहा दिवसांची सहल ठरली आहे. वाटेत योतेबोरीला एक रात्र थांबावे, की ती रात्र वाचवून स्टॉकहोम गाठावे?

एकच रात्र देणार असाल, तर थांबू नका. दुपारी पोहोचाल, हागा भागात एक फेरफटका माराल, सकाळी निघाल आणि ‘ठीक आहे, बरे आहे’ एवढेच मत बनेल. ते या शहरावर अन्याय करणारे होईल. तीन रात्री देता येत असतील तर जरूर द्या, आणि त्यासाठी स्टॉकहोम सोडावे लागले तरी चालेल. स्टॉकहोम पूर्वेला आहे, योतेबोरीहून वेगवान गाडीने साधारण तीन तास. तेथे जाऊन पुन्हा ऑस्लोकडे वळायचे म्हणजे दीड दिवस रुळांवरच जातो.

तीन रात्री का, तेही सांगतो. शहरातली ठिकाणे दीड दिवसात निवांत पाहून होतात. योतेबोरीचे खरे वैभव मात्र त्याच्या दाराशी पसरलेला द्वीपसमूह आहे, आणि तेथला आनंद पूर्णपणे वाऱ्यावर अवलंबून असतो. हातात दोन मोकळे दिवस असतील, तर त्यातला बरा दिवस बेटांना देता येतो. एकच दिवस असेल, तर जे आभाळ मिळेल ते मुकाट्याने घ्यावे लागते.

कोपनहेगनहून ओरेसुंड गाड्या थेट येतात, विमानतळाच्या स्थानकावरूनही. साडेतीन ते चार तास लागतात. या गाड्यांत जागा राखीव नसते, त्यामुळे उन्हाळ्यातल्या शुक्रवारी-रविवारी दहा-पंधरा मिनिटे आधी फलाटावर असावे. डेन्मार्क आणि स्वीडन जोडणारा पूल ओलांडल्यावर पहिल्या स्वीडिश स्थानकावर, हिल्लीला, पोलीस ओळखपत्र तपासू शकतात. म्हणून पासपोर्ट सामानाच्या तळाशी न ठेवता जवळ ठेवा. डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे तिन्ही शेंगेन क्षेत्रात आहेत, त्यामुळे एकाच व्हिसावर ही सगळी सहल होते. ऑस्लोकडे जायला रेल्वे आहे, बसही आहे, आणि दोन्हींना जवळपास सारखाच वेळ लागतो.

प्रश्न : ट्रॅमचे तिकीट कसे काढायचे? ट्रॅममध्ये रोख पैसे देता येतात का?

रोख चालत नाही. चालक तिकीट देत नाही. वेस्टट्राफिक या सार्वजनिक वाहतूक संस्थेचे अ‍ॅप निघण्याआधीच फोनवर घेऊन त्यात बँकेचे कार्ड जोडून ठेवा. ट्रॅम समोर उभी असताना कार्डाच्या पडताळणीचा संदेश मायदेशातल्या सिमवर यायची वाट पाहणे, ही नवख्यांची हमखास होणारी फजिती आहे. अ‍ॅप नको असेल, तर प्रेसब्यूरॉन किंवा सेव्हन इलेव्हनच्या दुकानात तिकीट मिळते.

शहर, उपनगरे आणि दक्षिणेकडची बेटे ही सगळी ‘ए’ झोनमध्ये येतात. साधे तिकीट नव्वद मिनिटांचे असते. तेवढ्या वेळात ट्रॅम, बस आणि बोट कितीही वेळा बदला. चोवीस तासांचा पास साधारण तीन साध्या तिकिटांच्या किमतीत पडतो, आणि तीन दिवसांचा पास साधारण दोन दिवसांच्या पैशांत. बेटांवर जाणार त्या दिवशी पास घेतलाच पाहिजे, कारण ट्रॅमचा वेळ आणि बोटीची वाट धरली की नव्वद मिनिटे एकाच बाजूला संपतात. सात वर्षांखालच्या मुलांना मोठ्यांसोबत तिकीट लागत नाही.

अ‍ॅपमध्ये तिकीट विकत घेणे आणि ते सुरू करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चढण्याआधी ते सुरू झाले आहे ना, हे पाहा. तपासनीस साध्या कपड्यांतही येतात, आणि विनातिकीट दंड हजार क्रोनरच्या वर जातो. ‘आत्ताच घेणार होतो’ हे कारण ऐकले जात नाही. फोनची बॅटरी संपली, तर तिकीट नसल्यासारखेच. पॉवरबँक खिशात ठेवा.

ट्रॅमबद्दल आणखी एक गोष्ट, आणि ही जिवाशी संबंधित आहे. स्वीडनमध्ये मोटारी पादचारी पट्ट्यावर थांबतात, त्यामुळे दोन दिवसांत माणूस निर्धास्त होतो. पण ट्रॅमला तो नियम लागू नाही. ट्रॅमसाठी पादचाऱ्यानेच थांबायचे. ब्रुन्सपार्केन या मुख्य थांब्यावर चहूकडून ट्रॅम येतात आणि नव्या ट्रॅमचा आवाज फारसा होत नाही. तेथे रूळ ओलांडताना फोन खाली ठेवा आणि दोन्हीकडे पाहा.

सध्या शहराच्या पोटातून वेस्टलेंकेन हा रेल्वेचा बोगदा खणण्याचे मोठे काम चालू आहे. मध्यवर्ती स्थानक, हागा आणि कोर्सवेगेन या तिन्ही ठिकाणी नवी भुयारी स्थानके होत आहेत. त्यामुळे ट्रॅमचे मार्ग आणि थांब्यांच्या जागा बदलत राहतात. जुन्या प्रवासवर्णनातला ट्रॅम क्रमांक धरून बसू नका, त्या दिवशी अ‍ॅपमध्ये ठिकाण टाकून पाहा.

प्रश्न : बेटांवर जायचे म्हणजे नेमके कोठे? सहल कंपनीची बोट घ्यावी का? एका दिवसात किती बेटे होतात?

सहल कंपनीच्या बोटीची गरज नाही. या द्वीपसमूहाचे मोठेपण हेच, की शहराच्या साध्या पासावर तेथे जाता येते. लोक त्याच बोटीने कामाला जातात, मुले शाळेत जातात, किराणाही तिनेच येतो.

ब्रुन्सपार्केनहून अकरा क्रमांकाची ट्रॅम सॉल्टहोल्मेनच्या शेवटच्या थांब्यापर्यंत जाते. अर्धा तास किंवा थोडा जास्त वेळ लागतो. शेवटचा टप्पा घरांच्या परसांमधून आणि खडकांच्या कडेने जातो, म्हणून जाताना खिडकीची जागा धरा. ट्रॅममधून उतरले की धक्का पाच मिनिटांवर. तेथे आस्पेरो, ब्रेन्नो, स्तिर्सो, डॉन्सो, व्रोंगो अशी बेटांची नावे आणि बोटींच्या वेळा लागलेल्या असतात. सगळ्या बोटी सगळीकडे थांबत नाहीत आणि काही बेटांना एकाहून अधिक धक्के आहेत. स्तिर्सोला ब्राटेन, स्केरेत आणि टोंगेन असे तीन, ब्रेन्नोला रोडस्टेन आणि हुसविक असे दोन. परतीला तुम्ही एका धक्क्यावर आणि बोट दुसऱ्यावर, असे होऊ शकते. म्हणून बेटावर उतरताक्षणी परतीच्या वेळापत्रकाच्या पाटीचा फोटो काढा. धक्क्याच्या नावासकट.

दिवस आखायचा तर आमचे मत असे : सर्वांत लांबचे बेट आधी घ्या. सकाळी साडेआठच्या सुमारास शहरातून निघा आणि बोटीने थेट व्रोंगो गाठा. वस्ती असलेल्या बेटांत हे सर्वांत दक्षिणेचे. गावाच्या उत्तरेला आणि दक्षिणेला राखीव निसर्गक्षेत्र आहे, पायवाटेला खुणा केलेल्या आहेत, ओलसर जागी फळ्या टाकलेल्या आहेत. दोन्ही बाजू हिंडायला रमतगमत तीन तास धरा. हिमयुगातल्या बर्फाने घासून गुळगुळीत केलेले खडक येथे थेट पाण्यात उतरतात. झाड जवळजवळ नाही. पुढे मोकळा समुद्र. अख्ख्या सहलीतली एक जागा निवडायची झाली, तर आम्ही हीच निवडू.

दुपारच्या बोटीने परत निघा, पण सॉल्टहोल्मेनपर्यंत न जाता डॉन्सोला उतरा. हे जहाजमालकांचे बेट. एवढ्याशा गावातून मोठ्या मालवाहू जहाजांचे व्यवहार चालतात. डॉन्सोहून पूल ओलांडून पायी स्तिर्सोला जाता येते. तेथे ‘स्तूरा रोस’ नावाची टेकडी आहे, माथ्यावर प्राचीन दगडांचा ढीग, आणि वरून सगळा द्वीपसमूह एका नजरेत येतो. खाली येऊन स्तिर्सोहूनच सॉल्टहोल्मेनची बोट. अशी तीन बेटे होतात, आणि धावपळ होत नाही. चौथे बेट घुसवू नका.

या बेटांवर मोटारी नाहीत. सामानाचे फळकूट जोडलेल्या मोपेड आणि विजेच्या छोट्या गाड्या चालतात. रस्ते अरुंद आहेत, तेव्हा घोळक्याने रस्ता अडवून चालू नका. लष्करी संरक्षित क्षेत्र असल्याने १९९०च्या दशकापर्यंत परदेशी माणसाला येथे मोकळेपणी वावरता येत नव्हते. बाहेरच्या जगाला ही बेटे फारशी ठाऊक नसण्याचे ते एक कारण.

सोबत काय घ्यावे? पाणी, डबा आणि वारा अडवणारे जॅकेट. शहरात ऊन असले तरी व्रोंगोच्या टोकाला वारा वेगळाच असतो. किराणा दुकान आणि कॅफे आहेत, पण उन्हाळ्याच्या तीन महिन्यांबाहेर कॅफे बंद असण्याचीच शक्यता जास्त. बुटांचे तळवे पकड धरणारे हवेत. कोरडा खडक सुरक्षित, पण पाण्याजवळचा काळपट किंवा हिरवट पट्टा शेवाळाचा असतो, आणि त्यावर पाय हमखास घसरतो.

गवतातून किंवा झुडपातून चालल्यास पूर्ण लांबीची पँट आणि मोजे घाला आणि रात्री आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत, कमरेपाशी गोचीड चिकटली आहे का ते तपासा. येथल्या गोचिडी लाइम आजार पसरवतात. औषधाच्या दुकानात गोचीड काढायचा चिमटा मिळतो. त्वचेला अगदी लागून पकडून सरळ ओढायची, तेल किंवा क्रीम लावत बसायचे नाही. नंतर काही दिवसांनी त्या जागेभोवती लाल वर्तुळ पसरताना दिसले, तर डॉक्टरांकडे जा.

समुद्रात उतरायचे असेल, तर आधी पाणी नीट न्याहाळा. पारदर्शक, मधे चार कड्या दिसणारा जेलीफिश त्रासदायक नाही. लालसर-तपकिरी, मागे लांब धागे सोडणारा दिसला, तर त्या ठिकाणी उतरू नका. धागे तुटलेले असले तरी चटका देतात.

स्वीडनमध्ये निसर्गात मोकळेपणी फिरण्याचा हक्क सर्वांना आहे, पण घराचे अंगण आणि खाजगी धक्के त्यात येत नाहीत. पक्ष्यांच्या विणीच्या काळात काही खडकांवर आणि बेटांवर पाय ठेवायला बंदी असते. तारखांसह पिवळे फलक लावलेले असतात, ते पाळा.

उन्हाच्या शनिवारी-रविवारी अकरा क्रमांकाची ट्रॅम भरून जाते. ब्रुन्सपार्केनलाच चढा, पुढच्या थांब्यांवर जागा मिळणे कठीण.

प्रश्न : माझे सासरे ७४ वर्षांचे आहेत, गुडघ्यांमुळे चढउतार जमत नाही. त्यांच्यासाठी या शहरात काय आहे?

बरेच काही आहे, फक्त दोन गोष्टी सांभाळा. एक, जुन्या ट्रॅमच्या दाराशी उंच पायऱ्या आहेत. नव्या ट्रॅम फलाटाच्या पातळीला असतात, आणि काही मॉडेलमध्ये फक्त मधला डबा खाली असतो. समोर पायऱ्यांची ट्रॅम आली तर ती जाऊ द्या, मुख्य मार्गांवर पुढची लवकर येते. दुसरे, हागा आणि मध्यवस्तीत अनेक गल्ल्या दगडी फरसबंदीच्या आहेत. काठी असेल तर खाली रबराची टोपी नवी बसवून घ्या.

ट्रेडगोर्ड्सफोरेनिंगेन ही १८४२ पासूनची बाग मध्यवर्ती स्थानकाजवळ आहे, सपाट, भरपूर बाकांची. जूनअखेरीपासून तिची गुलाबबाग पाहावी. बोटॅनिकल गार्डन अप्रतिम आहे, युरोपातल्या सर्वांत मोठ्या बागांपैकी एक, १९२३ मध्ये उघडलेले. पण त्याचा मागचा भाग टेकडीवर चढत जातो. खडकबाग आणि जपानी दरी पाहायची तर चढ येणारच. सासऱ्यांना प्रवेशद्वाराजवळच्या ताटव्यांपाशी बसवून बाकीच्यांनी वर जावे.

कालव्यांतून फिरवणाऱ्या ‘पॅडन’ बोटी लोकप्रिय आहेत. शहराची आखणी डच तज्ज्ञांनी केली, म्हणून हे कालवे आणि खंदक. कुंगस्पोर्ट्सप्लात्सेनच्या धक्क्यावरून साधारण पन्नास मिनिटांची फेरी होते. मात्र वाटेत एक पूल इतका बुटका आहे, की प्रवाशांना बाकावरून उतरून बोटीच्या तळाशी बसावे लागते. गुडघे दुखत असतील तर चढण्याआधी कर्मचाऱ्यांशी बोला, किंवा त्याऐवजी नदीतली एल्वस्नाबेन ही सार्वजनिक बोट घ्या. ट्रॅमचाच पास चालतो, आत बसायची सोय आहे, आणि जुन्या जहाजबांधणीच्या गोद्या, नवी वस्ती आणि बंदर बसल्या जागी दिसते.

बेटांपैकी ब्राटेन धक्क्याजवळचा स्तिर्सोचा भाग त्यांना झेपेल. व्रोंगोची पायवाट नाही.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, त्यातले दोघे अंडेही खात नाहीत. या शहराची ख्याती माशांची. निभाव लागेल का?

लागेल, आणि चांगला लागेल. सोमवार ते शुक्रवार, साधारण अकरा ते दोन या वेळात बहुतेक उपाहारगृहांत ‘डागेन्स लंच’ असते. ठरलेल्या किमतीत मुख्य पदार्थ, सॅलड, पाव, पाणी आणि शेवटी कॉफी. तीन-चार पदार्थांत एक शाकाहारी असतोच. तोच स्वयंपाक संध्याकाळी बराच महाग पडतो, म्हणून मुख्य जेवण दुपारी घ्या आणि रात्री किराणा दुकानातून आणून हलके खा. दोननंतर गेलात तर हा बेत हुकला म्हणून समजा.

‘वेगेटारिस्क’ म्हटल्यावर स्वयंपाकी मांस आणि मासे वगळतो, पण अंडे राहते. ‘वेगान्स्क’ म्हटले की अंडे आणि दूध दोन्ही जाते. अंडे नको पण दूध चालते, हे सांगायला ‘ऊतान एग’ म्हणा. इंग्रजीतही सर्वांना कळते, पण पाकिटावरच्या घटकांत ‘एग’ हा शब्द ओळखता आला की दुकानात सोपे जाते. कायद्याने अ‍ॅलर्जीचे घटक ठळक अक्षरांत छापावे लागतात, आणि अंडे त्यात येते.

फसायच्या जागा सांगतो. गुरुवारचे पिवळ्या वाटाण्याचे पारंपरिक सूप दिसायला आमटीसारखे असते, पण त्यात डुकराचे मांस घालतात. सुट्या गोळ्या-मिठाईत बहुधा जिलेटिन असते. काही चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण वापरतात, घटकांत ‘लोपे’ लिहिलेले असते, आणि प्राणिजन्य नसेल तर ‘मिक्रोबिएल्ट’ असा उल्लेख सापडतो. दालचिनीच्या बनला वरून अंडे फासतात. हागामध्ये ताटाएवढे मोठे बन मिळतात, त्यांनाही हेच विचारून घ्या. एक बन तिघांना पुरतो.

मासे खाणाऱ्यांसाठी : फेस्केशुर्का ही चर्चसारख्या आकाराची मासळीबाजाराची इमारत १८७४ ची आहे. वास्तुकार व्हिक्टर फोन गेगेरफेल्ट. मोठ्या दुरुस्तीनंतर ती आता पुन्हा उघडली आहे. कोळंबीचा ढीग रचलेला उघडा सँडविच हा येथला हक्काचा पदार्थ. लॉबस्टरचा हंगाम २० सप्टेंबरनंतरच्या पहिल्या सोमवारी सुरू होतो. त्याआधी ताजा स्थानिक लॉबस्टर म्हणून कोणी पुढे केला, तर चौकशी करा.

प्रश्न : सतत पाऊस लागला तर काय पाहावे?

हा प्रश्न अगदी योग्य आहे, कारण येथे पाऊस बाराही महिने येतो, आणि वाऱ्यासोबत आडवा येतो. छत्री उलटते. टोपीचा रेनकोट घ्या.

पहिली पसंती शहर संग्रहालयाला. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या अठराव्या शतकातल्या इमारतीत आहे. होय, स्वीडनचीही अशी कंपनी होती, १७३१ मध्ये स्थापन झालेली, मुख्यतः चीनच्या कँटन बंदराशी चहा आणि चिनीमातीच्या भांड्यांचा व्यापार करणारी. तिचे ‘योतेबोरी’ नावाचेच जहाज १७४५ मध्ये परतीच्या प्रवासात, बंदर अगदी नजरेसमोर असताना, खडकावर आदळून बुडाले. त्याची प्रतिकृती आधुनिक काळात बांधली गेली आणि ती २००५ मध्ये चीनला निघाली. संग्रहालयात एस्केचेरचे जहाज, म्हणजे व्हायकिंग काळातली खरी नौकाही मांडलेली आहे. दोन ते अडीच तास ठेवा.

कलासंग्रहालय योटाप्लात्सेन चौकात आहे, पुढे कार्ल मिलेस यांनी घडवलेला पोसायडनचा १९३१ चा पुतळा. कार्ल लार्सन, अँडर्स झोर्न आणि पी. एस. क्रोयर यांची चित्रे जेथे आहेत, ती फ्युर्स्टेनबेर्य दालने आधी पाहा. उत्तरेकडचा प्रकाश चित्रकारांनी कसा टिपला, ते एका जागी कळते. त्याच इमारतीत छायाचित्रांचे हासेलब्लाड सेंटर आहे. हासेलब्लाड कॅमेरे या शहरातलेच.

मोटारींची आवड असेल तर कोर्सवेगेनजवळ व्होल्वोचे नवे केंद्र २०२४ मध्ये उघडले आहे. विमानांची आवड असेल तर हिसिंगेन बेटावरचे एरोसेउम गाठा. शीतयुद्धाच्या काळात खडकात कोरलेला लष्करी विमानतळ, आत लढाऊ विमाने. बाहेर उन्हाळा असला तरी आत थंडी असते, जॅकेट न्या.

सोमवारी मात्र येथली बरीच संग्रहालये बंद असतात. पावसाचा अंदाज सोमवारचाच असेल तर व्होल्वोचे केंद्र किंवा युनिव्हर्सेउम हे विज्ञानकेंद्र धरा.

प्रश्न : सहा आणि अकरा वर्षांची दोन मुले सोबत आहेत. लीसेबेरीच्या जत्रेतच दिवस घालवावा का?

लीसेबेरी हे १९२३ पासूनचे करमणूक उद्यान आहे. अकरा वर्षांच्याला ते आवडणारच. पण तिकीट काढण्याआधी दोन्ही मुलांची उंची मोजा. बाल्डेर हा लाकडी आणि हेलिक्स हा पोलादी, या दोन्ही मोठ्या रोलरकोस्टरना १३० सेंटिमीटर लागतात, आणि मोजपट्टी लावतात म्हणजे लावतातच. थोडी कमी भरली की मूल हिरमुसते आणि पैसेही वाया जातात. धाकट्यासाठी सशांच्या नावाचा, छोट्या मुलांचा वेगळा विभाग आहे. उद्यान वर्षभर चालत नाही. जानेवारी ते साधारण एप्रिलपर्यंत बंद, मे आणि सप्टेंबरमध्ये ठरावीक दिवशी, उन्हाळ्यात रोज. रांगा दुपारी वाढतात, म्हणून दार उघडताच मोठ्या फेऱ्या उरका.

एक दिवस याला आणि एक दिवस स्लॉट्सस्कूगेनला द्या. हे मोठे उद्यान फुकट आहे, आणि त्यात एल्क, सील, पेंग्विन आणि गॉटलंडची छोटी घोडी पाहता येतात. प्लिक्ता या खेळाच्या जागेत मोठा देवमासा आहे, मुले त्याच्या आत-बाहेर करतात. उद्यानाच्या कडेला निसर्ग-इतिहास संग्रहालय, आणि त्यात १८६५ मध्ये शहराच्या दक्षिणेला किनाऱ्यावर अडकलेला खरा निळा देवमासा, कातड्यासह पेंढा भरून ठेवलेला. असा जगात दुसरा नाही. पोटात शिरायला तो विशिष्ट दिवशीच उघडतात.

प्रश्न : कोणत्या महिन्यात जावे? डिसेंबरमध्ये नाताळचा बाजार पाहायला गेलो तर?

मेअखेर ते जूनमध्य आणि ऑगस्टची दुसरी पंधरवडी. जूनमध्ये सूर्य रात्री सव्वादहाला मावळतो, त्यामुळे जेवण आटोपूनही बेटावर जाता येते. जुलैमध्ये दुपारचे तापमान विशीच्या थोडे वर असते, पण शहरातली अनेक छोटी उपाहारगृहे मालक सुट्टीवर गेल्याने तीन-चार आठवडे बंद असतात. मिडसमरचा, म्हणजे स्वीडनमधल्या मोठ्या उन्हाळी सणाचा, शुक्रवार १९ ते २५ जूनच्या दरम्यान येतो. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी शहर ओस पडते, दुकाने लवकर मिटतात. किराणा गुरुवारीच भरा आणि त्या शुक्रवारी एखाद्या उद्यानात फुलांचा खांब उभारतात तेथे जा.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुस्तक मेळा असतो, आणि हॉटेलांचे दर चढतात. ग्रंथप्रेमींनी तो जरूर साधावा, पण खोली फार आधी धरून.

नाताळसाठी नोव्हेंबरच्या मध्यापासूनच लीसेबेरीत दिव्यांचा बाजार लागतो, तो सुंदर असतो. पण डिसेंबरमध्ये सूर्य पावणेनऊनंतर उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. समुद्रकिनारी असल्याने बर्फाऐवजी पाऊस मिळण्याचीच शक्यता जास्त. बेटे पाहायची इच्छा असेल तर हा महिना नको.

प्रश्न : एक दिवस शहराबाहेर जायचे तर मार्स्ट्रांड की तानुमची शिलाचित्रे?

मोटार नसेल तर मार्स्ट्रांड. निल्स एरिक्सन टर्मिनलहून बसने साधारण तासभर, मग काही मिनिटांची बोट. बेटावर मोटारी नाहीत. वर कार्ल्स्टेनचा किल्ला आहे. १६५८ च्या तहात हा मुलूख स्वीडनकडे आल्यावर तो बांधायला घेतला, पुढे तो तुरुंगही झाला. बायकी वेशात चोऱ्या करणारा लासे-माया येथेच बंदिस्त होता. किल्ल्यावर जाऊन मग बेटाच्या कडेने पायवाटेने फेरी मारा, मोठ्या खडकांच्या अरुंद फटीतून वाट जाते. तिकिटाचा झोन शहरापेक्षा वेगळा असू शकतो, अ‍ॅपमध्ये मार्स्ट्रांड टाकून तिकीट काढा, शहराचा पास पुरेल असे गृहीत धरू नका.

तानुम हे १९९४ पासूनचे जागतिक वारसास्थळ. कांस्ययुगातली जहाजे, माणसे, नांगर, सगळे गुळगुळीत खडकावर कोरलेले. रेल्वेने दोन तासांहून जास्त लागतात, गाड्या मोजक्याच आहेत, आणि स्थानकाहून विटलिके संग्रहालयापर्यंत दोन-तीन किलोमीटर चालावे लागते. इतिहासाची खरी ओढ असेल तर एवढे करावेच. भर दुपारी जाऊ नका. सूर्य डोक्यावर असला की उथळ कोरीवकाम दिसत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा प्रकाश पडला की रेषा उठून येतात. कोरीव रेषांतला लाल रंग आजच्या काळात पर्यटकांसाठी भरलेला आहे, मूळचा नाही. त्यामुळे रंग न भरलेल्या खडकांकडेही आवर्जून पाहा.

प्रश्न : किती क्रोनर रोख न्यावेत?

शून्य. कॅफे, संग्रहालय, सार्वजनिक स्वच्छतागृह, सगळीकडे कार्ड लागते, आणि पुष्कळ ठिकाणी नोटा घेतच नाहीत. ‘स्विश’ या फोनवरच्या पैसे देण्याच्या सोयीला स्वीडिश बँकखाते लागते, ती पर्यटकांच्या उपयोगाची नाही. म्हणून वेगवेगळ्या बँकांची दोन कार्डे न्या आणि ती वेगवेगळ्या खिशांत ठेवा. दुकानातले यंत्र ‘क्रोनरमध्ये की तुमच्या चलनात’ असे विचारेल, तेव्हा नेहमी क्रोनर निवडा. दुसरा पर्याय घेतला की विनिमयाचा दर यंत्रवाला ठरवतो, आणि तो महाग पडतो. पिण्याच्या पाण्यावर खर्च करू नका, नळाचे पाणी उत्तम आहे.